बांधापर्यंतच बर्फ काढायचा का?

पत्र:

ताई, नमस्कार. आम्ही शिकागोच्या नॉर्थ साइडला एका थ्री-फ्लॅटमध्ये (तीन मजले, तीन घरं) मधल्या मजल्यावर राहतो, घर घेऊन अडीच वर्षं झाली. खाली एक पोलिश आजी आहेत, ७८ वर्षांच्या, एकट्या. वरचा फ्लॅट मालकाने भाड्याने दिलाय, तिथे एक तरुण जोडपं आहे, दोघं घरूनच काम करतात, त्यामुळे स्नो पडला काय नि नाही पडला काय, त्यांचं काही अडत नाही. पहिल्या हिवाळ्यात हौसेने मी साइडवॉक (घरासमोरचा फुटपाथ) साफ केला (नवऱ्याची पाठ धरते म्हणून मी) आणि तेव्हापासून ते माझंच काम होऊन बसलंय. पहाटे साडेपाचला उठते, बाळ उठायच्या आत काढून घेते. आजी निदान खिडकीतून हात तरी करतात. वरचे मी साफ केलेल्या पायऱ्यांवरून येऊन पार्सल उचलतात आणि वर जातात. शेजारी कोपऱ्यावरचं घर आहे, त्यांनी तर अख्ख्या जानेवारीत एकदाही साफ केलं नाही, स्ट्रोलर तिथे रुततो म्हणून मी रस्त्यावर उतरून जाते. सासूबाई साताऱ्याहून आल्यात, त्या म्हणतात, तू पण काढू नकोस, एकदा कळू दे सगळ्यांना. ऑफिसमधला एकजण म्हणाला, काढूच नको, तू साफ केलेल्या जागी कुणी घसरलं तर केस तुझ्यावर. आणि कहर म्हणजे गेल्या शनिवारी पावणेदोन तास खणून गाडी बाहेर काढली, दूध घेऊन परत येते तर त्या जागेत दुसऱ्याचीच गाडी. मी गाडीत बसून रडले. आता नवरा म्हणतोय आपण पण जागा धरायला रस्त्यावर खुर्च्या ठेवू. काय करू?
– दमलेली, शिकागो

उत्तर:

अगं पोरी,

तुझं पत्र वाचताना त्या दुधाच्या पिशवीपाशी थांबले. ते रडणं मला माहितीये. ते काही पार्किंगसाठी नसतं, अडीच वर्षं साठलेलं असतं आणि मग कुणाच्या तरी गाडीचं निमित्त होतं. मी पण रडलेय, फक्त मी गराजमध्ये रडले होते कारण बाहेर डोळ्यातलं पाणी गोठेल की काय असं वाटत होतं. (गोठत नाही, पण पापण्या चिकटतात.)

केसची भीती आधी घालवते कारण ती सगळ्यात सोपी आहे. हे मी शिकागोत आल्या दिवसापासून ऐकतेय, प्रत्येक ऑफिसात असा एक वकीलसाहेब असतोच ज्याने कायदा वाचलेला नसतो. इलिनॉय राज्यात १९७९ पासून कायदा आहे, की घरासमोरचा साइडवॉक ज्याने साफ केला किंवा साफ करायचा प्रयत्न केला त्याला, तिथल्या बर्फावरून कुणी घसरलं म्हणून जबाबदार धरायचं नाही, अगदी मुद्दाम किंवा बेदरकारपणे काही केलं असेल तर गोष्ट वेगळी. राहत्या घरांसाठीच आहे हा. म्हणजे तू गरम पाणी ओतून काच केलीस आणि गंमत बघत बसलीस तर भाग वेगळा, पण शॉव्हल (फावडं) मारून बर्फ वितळायला मीठ टाकणाऱ्या बाईला घाबरायचं कारण नाही. त्या कायद्यातच लिहिलंय की लोकांनी साफ करावं म्हणून त्यांना प्रोत्साहन द्यायचं हे राज्याचं धोरण आहे. आणि वर्ष बघ कुठलं, १९७९. त्या जानेवारीत इथे असा काही बर्फ पडला की शहराला तो उपसताच आला नाही, लोक इतके भडकले की फेब्रुवारीत महापौर मायकेल बिलँडिक पक्षाच्या प्रायमरीतच, म्हणजे उमेदवार ठरवायच्या निवडणुकीतच, जेन बर्न यांच्याकडून हरले. बर्फावरून महापौर पडलेलं गाव आहे हे, त्यामुळे इथे स्नो हा विषय हवापाण्याच्या गप्पांचा नाही, राजकारणाचा आहे. तुमच्या जिन्यात पण तेच चाललंय.

उलट बर्फ काढला नाही तर दंड करणारा कायदा मात्र आहे, आणि तो तुझ्या ऑफिसातल्याने सांगितला नसेल. शिकागोत सकाळी ७ ते संध्याकाळी ७ मध्ये पडलेला बर्फ त्याच रात्री १० च्या आत काढायचा, संध्याकाळी ७ नंतर पडलेला दुसऱ्या दिवशी सकाळी १० च्या आत. शनिवार रविवार धरून. निदान ५ फूट रुंद वाट हवी, कोपऱ्यावर घर असेल तर तो उताराचा रॅम्पसुद्धा. काढलेला बर्फ रस्त्यात किंवा सायकलच्या लेनमध्ये ढकलायचा नाही, फायर हायड्रंटवर रचायचा नाही. दंड ५० डॉलरपासून सुरू. आणि हे नीट वाच: ही जबाबदारी फक्त मालकाची नाही, त्या कलमात भाडेकरू, राहणारा, जो कोणी त्या इमारतीचा ताबा ठेवून आहे तो, असे सगळे आलेत. म्हणजे वरचं जोडपं ‘आम्ही तर रेंटवर आहोत’ म्हणून सुटत नाही. त्यांचा मालक पण नाही. तू पण नाही. खालच्या आजी पण नाहीत, पण त्यांचं मी पुढे बोलते.

आता तुला वाटेल चला, कायदा मिळाला, प्रिंट काढून लावते जिन्यात. लावू नको. मी असा कागद लावला होता एकदा, लॅमिनेट करून, त्याची कथा सांगते म्हणजे तुझ्या सासूबाईंच्या प्रश्नाचं पण उत्तर होईल.

बरीच वर्षं झाली, आम्ही तेव्हा एका छोट्या घरात राहायचो आणि शेजारी एक गृहस्थ होते जे कधी बर्फ काढायचे नाहीत. मी दोन वर्षं त्यांचाही काढला, तिसऱ्या वर्षी डोक्यात राख घातली. कागद लावला, काही झालं नाही. मग मी ठरवलं की आता आपल्या हद्दीपर्यंतच. आणि काय सांगू तुला, मी अक्षरशः पट्टी लावल्यासारखी रेघ मारली, आमच्या कुंपणाच्या सरळ रेषेत, अलीकडे स्वच्छ काँक्रीट आणि पलीकडे घोट्याएवढा बर्फ, कडा अशी कापलेली जशी बर्फीची वडी. मला फार समाधान व्हायचं त्या कडेकडे बघून. माझे वडील शेतकरी, फलटणकडचे, त्यांच्या आणि चुलत्यांच्या बांधावरून १९ वर्षं कोर्टात केस चालली होती, बांध कोरला नाही कोरला यावर, आणि मी शिकागोत येऊन, शिकून सवरून, बर्फाचा बांध घालून बसले होते.

एक दिवस पोस्टमन थांबला. बोलला काही नाही जास्त, फक्त म्हणाला तुमच्या घरापर्यंत येणं सोपं आहे, तुमच्या घरापासून पुढे जाणं अवघड आहे. मग त्याने बॅग सावरली आणि माझ्या त्या सुंदर कडेवर पाय टाकला आणि त्याचा गुडघा वळलेला मी पाहिला. पडला नाही. पण मी ज्याला धडा शिकवत होते तो माणूस गाडीने गराजमधून मागच्या अ‍ॅलीत उतरून जायचा, त्याने तो बांध आयुष्यात बघितलाच नव्हता. माझा धडा पोस्टमनला, शाळेच्या पोरांना आणि कोपऱ्यावरून बस पकडणाऱ्या नर्सबाईंना मिळत होता.

म्हणून सासूबाईंना सांग (गोड बोलून सांग, साताऱ्याच्या आहेत), की काढणं बंद केलं तर वरच्यांना कळणारच नाही, त्यांचं काही अडतच नाही म्हणतेस ना. कळेल ते तुझ्या बाळाच्या स्ट्रोलरला. आणि दोन दिवस पायाखाली तुडवलेला बर्फ झाला की तो शॉव्हलने निघत नाही, कुदळीसारखं काहीतरी लागतं, आणि मग तोही तूच काढशील, कारण तुझ्याने बघवणार नाही, मला दिसतंय तू कशी आहेस ते.

आता जरा कान धरते, रागावू नको. तुझ्या अख्ख्या पत्रात वरचे येतात, आजी येतात, कोपऱ्यावरचे येतात, नवरा, सासू, ऑफिसातला शहाणा, दूध, खुर्च्या, सगळं येतं, पण ‘मी त्यांना विचारलं’ असं एक वाक्य नाही. अडीच वर्षात एकदाही तू वरची बेल वाजवून म्हणाली नाहीस की बाबांनो, पुढच्या वेळी तुम्ही काढाल का. त्यांना बहुतेक वाटत असेल असोसिएशनने (म्हणजे आपली सोसायटी) माणूस ठेवलाय! हसू नको, खरंच. पंचविशीतली पोरं, आतापर्यंत डॉर्ममध्ये नाहीतर मोठ्या बिल्डिंगमध्ये राहिलेली, सकाळी दहाला खाली येतात तर साफ. रोज साफ. त्यांच्या दृष्टीने बर्फ आपोआप जातो जसा आपल्याकडे कचरा आपोआप जायचा. आपण काय वेगळे होतो का गं? पुण्यात सोसायटीत वाढलेल्या माझ्या भाच्याला जिना कोण झाडतो त्याचं नाव माहीत नव्हतं बारावीपर्यंत.

हा आपला घोळच आहे थोडा. सामायिक काम म्हटलं की आपल्या डोक्यात येतं मेंटेनन्स भरा, वॉचमनला सांगा, आणि वर्षातून एकदा जनरल बॉडीत पाण्याच्या टाकीवरून भांडा. सामायिक जागेला आपला स्वतःचा हात लागायची सवय नाही. मग इथे येऊन आपण दोन टोकं करतो, एकतर कुणीतरी करेल म्हणून बसायचं, नाहीतर तुझ्यासारखं सगळं मुकाट्याने एकटीने करायचं आणि मनात वही लिहायची. आणि त्या वहीत दुसऱ्याच्या नावावर उधारी चढत जाते जी त्याला माहीतच नसते.

पण आपल्याच आज्यापणज्यांकडे याला दोन वेगवेगळे शब्द होते आणि मला ते दोन्ही तुमच्या थ्री-फ्लॅटला चपखल बसताना दिसतात. एक सावड. आज सगळ्यांनी तुझ्या रानात, उद्या सगळ्यांनी माझ्या रानात, लावणी असो काढणी असो. सावडीत हिशोब असतो बरं का, अगदी चोख असतो, किती माणसं किती दिवस आली ते लक्षात ठेवून तेवढी फेडायची, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटायचा नाही. दुसरा इर्जिक. ज्याच्याकडे औत नाही, माणसं नाहीत, त्याच्या रानात गावातल्यांनी आपापली औतं घेऊन जायचं, दिवसभरात रान नांगरून द्यायचं आणि त्याने जेवू घालायचं. तिथे परतफेड नाही, संध्याकाळचं जेवण झालं की विषय संपला.

तू आत्तापर्यंत वरच्यांशी इर्जिक करत होतीस जे सावडीचे लोक आहेत. त्यांना दोन हात आहेत, पाठ धड आहे, त्यांच्याशी हिशोब कर आणि उघड कर. आज रात्रीच मेसेज टाक, टोमणा नको, मागचं काही उकरू नको, ‘मी अडीच वर्षं’ हे शब्द तर अजिबात नकोत. साधं लिही, की हॅलो, आतापर्यंत स्नो मी काढत होते, आता बाळामुळे एकटीला झेपत नाहीये, आपण आठवडे वाटून घेऊया, या सोमवारपासून तुमचा आठवडा, पुढचा आमचा, सकाळी १० आणि रात्री १० ची वेळ शहरानेच घालून दिलीये, शॉव्हल आणि मीठ खालच्या पॅसेजमध्ये आहे. बस. मालकाला पण त्या मेसेजमध्ये घे, म्हणजे भाडेकराराचा प्रश्न आला तर त्यानेच सोडवावा.

आठवडे वाटायचे, स्नोफॉल वाटायचे नाहीत हे मी अनुभवाने सांगतेय. ‘एकदा तुम्ही एकदा आम्ही’ केलं की मग वाद सुरू, कालचा तर एकच इंच होता तो धरायचा का, रात्री परत पडला तो नवीन की जुनाच. आठवडा म्हणजे आठवडा. तुमच्या आठवड्यात कोरडं गेलं तर नशीब, त्यांच्यात दहा इंच पडला तर तेही नशीब, त्यावर हसता येतं. आणि त्यांच्या आठवड्यात त्यांनी पावणेदहापर्यंत काढला नाही तर तू खिडकीतून बघत बसशील, तुझा जीव वरखाली होईल, पण तू खाली उतरायचं नाहीस. हे सगळ्यात कठीण आहे, बर्फ उपसण्यापेक्षाही. ते तीन फुटाचीच वाट काढतील, कडा वेड्यावाकड्या ठेवतील, मीठ मुठीने फेकतील. सांग त्यांना ५ फूट लागतं म्हणून, व्हीलचेअर जायला हवी म्हणून, पण मागून जाऊन परत झाडू नको. सासूबाईंनी तुझी पोळी परत लाटलेली आठव.

नाहीच जमलं त्यांना तर पैसे. तिघांत वाटून माणूस लावायचा, महिन्याच्या असेसमेंटमधून, म्हणजे मेंटेनन्समधून. तुमची तीन युनिटची असोसिएशन म्हणजे कुणाच्या तरी डायनिंग टेबलावरची मीटिंगच असणार, ठराव करा, लिहून ठेवा. हात नाहीतर पैसा, दोन्हीपैकी एक प्रत्येकाकडून येणारच असं एकदा ठरलं की मग त्यात भावना आणायची गरज उरत नाही. फक्त माणूस लावताना सकाळी १० च्या आत येणारा आहे ना ते विचार, कारण बरेचजण दुपारी उगवतात आणि तोवर सगळं तुडवून घट्ट झालेलं असतं.

आजींचं मात्र इर्जिक. ७८ वर्षांच्या बाईने शॉव्हल धरायचं नाही. हृदयाचे डॉक्टर दर हिवाळ्यात कंठशोष करून सांगतात की थंडीत एकदम जड बर्फ उपसायला जाणं हार्टला धोक्याचं आहे, वय झालेल्यांना आणि एरवी व्यायाम नसलेल्यांना जास्तच. पण म्हणून त्यांना कामातून वगळू पण नको, त्याने माणूस लहान होतो. तू म्हणतेस खिडकीतून हात करतात. अगं, म्हणजे त्या पहाटे साडेपाचला जाग्या असतात! मग त्यांना सांग की रात्री बर्फ सुरू झाला, किती साठला, खाली ओलं आहे की गोठलंय ते तुम्ही ग्रुपवर सांगायचं. मिठाचा डबा भरलेला आहे की नाही तेही त्यांनी बघायचं. त्यांच्या नवऱ्याच्या वेळचं एखादं जुनं शॉव्हल बेसमेंटमध्ये पडलेलं असण्याची मला दाट शक्यता वाटते, विचार त्यांना, त्या आनंदाने काढून देतील. आणि जेवणाचं म्हणशील तर ते तुला फॅट ट्यूजडेला (ख्रिस्ती लोकांचे लेंटचे उपवास सुरू व्हायच्या आदल्या दिवशी) मिळेलच, पोलिश आजी आणि पोंचकी (तळलेले, सारण भरलेले गोड गोळे) देणार नाही असं होत नाही. त्या दिवशी इथल्या पोलिश बेकऱ्यांसमोर थंडीत रांगा लागतात, तुला दारात आयतं मिळतंय. डोनट म्हणू नको त्याला त्यांच्यासमोर, एवढंच.

कोपऱ्यावरच्या घराचं. आधी बेल वाजव. बाळाला घेऊन जा, दिवसाउजेडी. कारण आत कोण आहे तुला माहीत नाही. तिथेही एखादे आजोबा असू शकतात, हिप सर्जरी झालेली कुणीतरी असू शकते, नाहीतर घर विकायला काढलेलं, रिकामं असेल. म्हातारं आजारी कुणी असेल तर त्यांच्या वतीने ३११ ला, म्हणजे शहराच्या मदत-तक्रारीच्या नंबरला, फोन करून स्नो कोअरची मागणी नोंदव. शहराचाच कार्यक्रम आहे तो, वयस्क आणि अपंग लोकांकडे व्हॉलंटियर पाठवतात बर्फ काढायला. दरवेळी माणूस मिळेलच असं नाही, पण नोंदव. धडधाकट असून करत नसतील तर एकदा सांग की स्ट्रोलर रस्त्यात उतरवावा लागतो, आणि तरीही नाही केलं किंवा कुणी राहतच नसेल तर त्याच ३११ ला तक्रार कर, बिनदिक्कत. यात चुगली बिगली काही नाही. कोपऱ्यावरचा रॅम्प बंद असला की व्हीलचेअरवाल्या माणसाचा पूर्ण ब्लॉक बंद होतो, तो तुझ्यासारखा रस्त्यावर उतरूही शकत नाही. इथे अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्था कित्येक दिवस मागणी करतायत की साइडवॉक शहरानेच साफ करावेत, जसे रस्ते करतं तसे, आणि माझं स्पष्ट मत आहे की त्यांचं बरोबर आहे. गाडीच्या वाटेला सरकारी प्लाऊ (बर्फ ढकलणारा ट्रक) आणि पायाच्या वाटेला तुझी पाठ, हे कुठलं गणित? पण तो निर्णय होईपर्यंत तुझं बाळ शाळेत जायला लागेल, त्यामुळे बेल वाजव.

तोवर एक करशील का? तुझ्या हद्दीच्या पुढे एक शॉव्हलभर काढत जा त्यांच्या बाजूचा. अख्खा नको, एकच. कडा मोडली पाहिजे फक्त.

आता खुर्च्या! तुझा नवरा शिकागोकर झाला, अभिनंदन. भारतातून वाचणाऱ्यांसाठी सांगते, की इथे याला ‘डिब्ज’ म्हणतात, गाडी खणून काढलेल्या जागेत जुनी खुर्ची, इस्त्रीचं टेबल, झाडू, प्लॅस्टिकचा हिमगौरीचा पुतळा काय वाट्टेल ते ठेवून जागा धरायची, बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकतात तसं. म्हणतात की १९६७ च्या जानेवारीत २३ इंच बर्फ पडला तेव्हापासून ही रीत पडली. कायद्याने सार्वजनिक रस्त्यावर सामान ठेवता येत नाही, शहर काही दिवस काणाडोळा करतं आणि मग ट्रक फिरवून सगळं फर्निचर उचलून नेतं.

मी ठेवलंय. खोटं कशाला बोलू. २०११ च्या फेब्रुवारीत, लेक शोअर ड्राइव्हवर शेकडो गाड्या रात्रभर अडकल्या होत्या तेव्हा, २१ इंच पडला होता, मी तीन तास खणलं आणि इस्त्रीचं टेबल ठेवलं. आणि दोन दिवस मी त्या टेबलाची राखण केली, दर अर्ध्या तासाला पडदा बाजूला. शेवटी एका संध्याकाळी एक मुलगी गाडी घेऊन ब्लॉकला चार फेऱ्या मारताना दिसली, हॉस्पिटलचे कपडे घातलेली, प्रत्येक वेळी माझ्या टेबलापाशी हळू व्हायची आणि पुढे जायची. चौथ्या फेरीला मी चप्पल... म्हणजे बूट घालून खाली गेले आणि टेबल उचललं. मोठेपणा वगैरे काही नव्हता, मला ते बघवेना.

तर माझं म्हणणं, तुम्ही ठेवू नका. वरच्या जोडप्याने सार्वजनिक वाटेकडे बघावं म्हणून तू भांडणार आणि सार्वजनिक रस्ता खुर्चीने बांधून घेणार, हे जुळत नाही. पण दुसऱ्याची खुर्ची हलवू पण नका, हे तितकंच महत्त्वाचं. लोक फार मनाला लावून घेतात, आरसा तुटलेला, टायर बसलेला, गाडीवर पाइपने पाणी मारून बर्फाचा पुतळा केलेला, असे प्रकार या गावाने बघितलेत. शंभर पावलं जास्त चाला. आणि जागा मिळाली नाही म्हणून वैतागून रात्री मोठ्या रस्त्यावर गाडी टाकून येऊ नका, १ डिसेंबर ते १ एप्रिल बऱ्याच मुख्य रस्त्यांवर पहाटे ३ ते ७ पार्किंग बंद असतं, बर्फ असो नसो, ऊन पडलेलं असलं तरी उचलतात. टोइंगचे निदान १५० डॉलर, तिकीट ६०, वर ठेवायचे दिवसाला २५ पासून. त्यात तुझ्या पावणेदोन तासापेक्षा जास्त रडू येतं.

खणायचंच असेल तर दोघा-तिघांनी मिळून सलग तीन गाड्या खणा. एकटीने खणलेली जागा ‘माझी’ वाटते, चौघांनी खणलेल्या जागांत कोण कुठे लावतो याचं तेवढं काही वाटत नाही. वरच्या पोरांची गाडी असेल ना? त्यांना तिथूनच सुरुवात करायला लाव, स्वतःच्या गाडीसाठी सगळे खाली येतात.

आणि नवऱ्याच्या पाठीबद्दल. पाठ धरते हे खरं मानते, पण मीठ टाकायला पाठ लागत नाही, आणि साडेपाचला बाळाला घ्यायला तर अजिबात नाही. त्याचं काम त्याला दे. साधं मीठ साधारण १५ फॅरेनहाइटच्या खाली, म्हणजे उणे ९ सेल्सियसच्या आसपास, फारसं काम करत नाही, तेव्हा कॅल्शियम क्लोराइडवालं आणायचं किंवा पाय घसरू नये म्हणून नुसती वाळू टाकायची, हे हवामान बघून ठरवायचं काम त्याच्याकडे. मूठमूठभर पुरतं, ढीग करू नका, कुत्र्यांच्या पंजांना लागतं ते आणि सगळं वाहून नदीतच जातं.

तू स्वतः शॉव्हल मारताना उचलून फेकू नको, ढकलत ने, कंबरेतून वाकू नको, गुडघ्यातून वाक. जास्त पडत असेल तर सगळा थांबायची वाट बघायची नाही, चार इंचाला एकदा आणि परत एकदा, दोन वेळा हलकं काढलेलं एकदा जड काढण्यापेक्षा बरं. छातीत, दंडात काही वाटलं तर तिथेच शॉव्हल टाकून ९११, दहाची डेडलाइन गेली खड्ड्यात.

ओला चिकट बर्फ असेल त्या दिवशी निघायच्या आधी पात्याला दोन्ही बाजूंनी कुकिंग स्प्रे मार, नाहीतर मेणबत्ती घास. बर्फ सटकन सुटतो. सासूबाईंना मेणबत्ती घासायला दे, चुलीवरच्या भांड्याला बाहेरून मातीचा लेवा द्यायची सवय असेल त्यांना, लगेच कळेल कशासाठी ते.

– तुझी ताई